मुळाशी खंजीर

पुण्याहून साताऱ्याकडे निघाले आणि खेड शिवापूर मागे पडले की महामार्गालगत भोर तालुक्यातले शिवरे येते. इथून पश्चिमेला वेल्ह्याकडे सरकत जावे तसा पाऊस वाढतो आणि भातखाचरे लागतात. पूर्वेला कापूरहोळवरून नारायणपूर-सासवडचा रस्ता धरला तर पाऊस घटत जातो आणि पुरंदरच्या उतारांवर अंजिराचे मळे दिसू लागतात. तास-दीड तासाच्या गाडीरस्त्यात जमीन, पाणी आणि पीक तिन्ही बदलतात. माणसाला हा बदल डोळ्यांनी कळतो. जमिनीत राहणाऱ्या एका दोन-तीन मिलिमीटरच्या प्राण्याला तो जगण्या-मरण्याइतका कळतो. त्याला इंग्रजी शास्त्रात खंजिराचे नाव मिळाले आहे; आपणही त्याला खंजीर सूत्रकृमी म्हणू. शास्त्रीय प्रजातीनाम झिफिनेमा.

सूत्रकृमी म्हटले की महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे गाठी येतात. डाळिंब, टोमॅटो, वांगी, पेरू, अंजीर. झाड मलूल झाले, उपटून पाहिले, मुळांवर मण्यांसारख्या गाठी. हे काम मेलॉयडोगायनी या सूत्रकृमीचे. त्याचे पिल्लू अर्ध्या मिलिमीटरहून लहान असते. ते मुळात शिरते, तिथेच मुक्काम ठोकते, मादी फुगून गोल होते आणि शेकडो अंडी एका पुंजक्यात घालते. म्हणून त्याचा पुरावा मुळावरच राहतो. खंजीर सूत्रकृमीची रीत अगदी उलटी. तो आयुष्यभर मुळाबाहेर, मातीत राहतो. मुळाच्या टोकाशी येतो, तोंडातले लांब शस्त्र आत खुपसतो, पेशीतला रस ओढतो आणि पुन्हा मातीत निघून जातो. मूळ उपटून झटकले, पाण्यात धुतले की गुन्हेगार मातीबरोबर वाहून गेला. मागे उरते ते एवढेच: मुळांची टोके किंचित सुजलेली, आकड्यासारखी वळलेली, आणि बारीक तंतूमुळ्या नेहमीपेक्षा कमी. हे पाहून कोणी सूत्रकृमीचे नाव घेत नाही. खत कमी पडले, पाणी जास्त झाले, हुमणी असेल, असे म्हणून विषय संपतो.

हे शस्त्र नेमके कसे असते, हे समजल्याशिवाय पुढचे काही समजणार नाही. त्याचे दोन भाग. पुढचा पोकळ, सुईसारखा टोकदार भाग म्हणजे पाते. शास्त्रज्ञ त्याला ओडोंटोस्टाइल म्हणतात. त्याच्या मागे जोडलेला दुसरा भाग म्हणजे मूठ, ओडोंटोफोर. मुठीच्या मागच्या टोकाला तीन फुगीर कडा असतात आणि तिथे स्नायू बांधलेले असतात. स्नायू आकसले की पाते पुढे सरकते. ते वाकू नये, नेमके सरळ जावे म्हणून त्याच्याभोवती एक कडे असते. झिफिनेमा इंडेक्स या जातीत सगळे शस्त्र मिळून एका मिलिमीटरच्या सुमारे पाचव्या भागाएवढे भरते. प्राणी तीन मिलिमीटरचा. म्हणजे शरीराच्या पंधराव्या हिश्शाएवढे शस्त्र तोंडात. गाठी करणाऱ्या सूत्रकृमीच्या पिल्लाचे शस्त्र याच्यापुढे अगदीच किरकोळ, मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाच्या आसपास. ते एका पेशीची भिंत फोडू शकते. खंजीर सूत्रकृमी मुळाच्या सालीतल्या पेशींचे कित्येक थर एकामागून एक भेदत आतल्या भागापर्यंत पोहोचतो.

या प्राण्याचे नामकरण 1913 साली नेथन ऑगस्टस कॉब यांनी केले. कॉब हे अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये 1859 साली जन्मलेले गृहस्थ. डॉक्टरेट जर्मनीत येना येथे केली, पुढे बरीच वर्षे ऑस्ट्रेलियात सरकारी नोकरी, नंतर अमेरिकेच्या कृषी खात्यात. स्वतःची सूक्ष्मदर्शकाची साधने स्वतः बनवणारे आणि स्वतःची चित्रे स्वतः काढणारे. आज आपण जमिनीतले सूत्रकृमी वेगळे काढण्यासाठी जी चाळण्यांची पद्धत वापरतो ती मुळात त्यांचीच. सूत्रकृमींचा अभ्यास ही स्वतंत्र विद्या आहे, प्राणिशास्त्राच्या एखाद्या कोपऱ्यातली अडगळ नव्हे, हे त्यांनी हट्टाने मांडले. त्यांनी वर्णन केलेली झिफिनेमा अमेरिकॅनम ही या प्रजातीची पहिली जाती. आज प्रजातीत अडीचशेहून अधिक जाती नोंदलेल्या आहेत.

तरीही पुढची जवळजवळ साडेचार दशके या प्राण्याला कोणी फार भाव दिला नाही. मुळाला टोचतो, थोडे नुकसान करतो, एवढीच ख्याती. चित्र बदलले ते 1958 साली, कॅलिफोर्नियात.

द्राक्षवेलींचा एक जुना रोग आहे. पाने पंख्यासारखी उघडी पडतात, शिरा जवळजवळ येतात, पेरे आखूड होतात, वेल नागमोडी वाढते, घडात मणी कमी धरतात. याला पंखापान म्हणता येईल. युरोपातल्या बागायतदारांना एकोणिसाव्या शतकापासून एक गोष्ट छळत होती: रोगट वेल काढून त्याच जागी निरोगी वेल लावली तरी काही वर्षांत तीही रोगट होते. म्हणजे रोग जमिनीत आहे. पण विषाणू तर जिवंत पेशीबाहेर फार टिकत नाहीत. मग तो जमिनीत राहतो कुठे? कॅलिफोर्नियातल्या विल्यम ह्यूइट, ड्यूई रस्की आणि ऑस्टिन गोहीन यांनी प्रयोगांनी दाखवून दिले की झिफिनेमा इंडेक्स हा सूत्रकृमी रोगट वेलीच्या मुळातून विषाणू उचलतो आणि निरोगी वेलीच्या मुळात सोडतो. सूत्रकृमी वनस्पतीचा विषाणू वाहून नेतो, याचा जगातला हा पहिला पुरावा. त्या दिवसापासून या प्राण्याच्या टोचण्याला कमी आणि त्याच्या तोंडातल्या पात्याला जास्त महत्त्व आले.

गंमत अशी की झिफिनेमा इंडेक्सची ओळख मुळात द्राक्षाशी नव्हे, अंजिराशी झाली. 1950 साली जेराल्ड थॉर्न आणि मर्लिन अॅलन यांनी कॅलिफोर्नियातल्या अंजिराच्या मुळांजवळच्या मातीतून ही जाती प्रथम वर्णन केली. अंजीर आणि द्राक्ष ही तिची आवडती झाडे. दोन्ही मध्यपूर्वेतून जगभर गेलेली, आणि सूत्रकृमीही बहुधा त्यांच्याच मुळांच्या मातीतून, काड्या-रोपांच्या गाठोड्यातून त्यांच्याबरोबर गेला. पुरंदरचे अंजीर 2016 साली भौगोलिक मानांकन मिळवून बसले, खट्टा बहर आणि मीठा बहर हे शब्द पुण्याच्या मंडईत रोज ऐकू येतात. आणि महाराष्ट्र हे द्राक्षांचे राज्य. झिफिनेमा इंडेक्सला हव्या असलेल्या दोन्ही गोष्टी आपल्याकडे आहेत. म्हणून या प्राण्याची नीट ओळख असणे हे आपल्याकडे केवळ विद्यापीठातल्या प्राध्यापकांचे काम राहत नाही.

विषाणू सूत्रकृमीत बसतो म्हणजे नेमके कुठे? तो सूत्रकृमीच्या रक्तामांसात जात नाही, त्याच्यात वाढतही नाही. मुठीच्या आणि अन्ननलिकेच्या आतल्या पातळ अस्तरावर विषाणूचे कण चिकटून राहतात. पुढच्या खेपेला लाळ उलट दिशेने वाहते तेव्हा काही कण सुटतात आणि मुळाच्या पेशीत जातात. हे अस्तर कात टाकताना शरीराबाहेर पडते. त्यामुळे कात टाकलेले पिल्लू विषाणूमुक्त होते, आणि मादीकडून अंड्यात विषाणू जात नाही. एका बाजूला हा दिलासा. दुसऱ्या बाजूला, कात टाकणे संपलेला प्रौढ सूत्रकृमी हा विषाणू फार काळ बाळगू शकतो. फ्रान्समधल्या संशोधकांनी वेलीविना ठेवलेल्या मातीत चार वर्षांनंतरही इंडेक्सच्या शरीरात पंखापानाचा विषाणू शोधून काढला. त्यातच द्राक्षाची वेल उपटली तरी खोल गेलेली मुळे लगेच मरत नाहीत, काही वर्षे तग धरतात, आणि सूत्रकृमी त्यांच्यावर पोट भरत बसतो. वेल काढून दुसऱ्याच वर्षी त्याच ओळीत नवी वेल लावणारा बागायतदार म्हणजे या प्राण्यासाठी ताटे मांडणारा यजमान.

आता कळीचा मुद्दा. हे सगळे झिफिनेमा इंडेक्सबद्दल खरे आहे. झिफिनेमाच्या प्रत्येक जातीबद्दल नाही. पंखापानाचा विषाणू इंडेक्सच वाहतो. त्याचा सख्खा चुलत भाऊ शोभेल असा अॅराबिस मोझॅक हा विषाणू आहे. आकाराने, रचनेने जवळजवळ तोच. पण त्याला झिफिनेमा डायव्हर्सिकॉडॅटम ही दुसरी जाती वाहते, आणि ती पंखापानाचा विषाणू वाहत नाही. विषाणूच्या बाहेरच्या प्रथिनाचे आवरण आणि सूत्रकृमीच्या अन्ननलिकेचे अस्तर यांची जोडी जमावी लागते, नाहीतर कण चिकटतच नाही. अमेरिकॅनम गटातल्या काही जाती टोमॅटो, तंबाखू, पीच अशा पिकांचे वेगळेच विषाणू वाहतात, म्हणून युरोपात या गटातल्या परदेशी सूत्रकृमींना क्वारंटाइनच्या यादीत ठेवले आहे. आणि झिफिनेमाच्या बहुसंख्य जाती कोणताही विषाणू वाहताना आढळलेल्या नाहीत. म्हणजे माती तपासून ‘झिफिनेमा आढळला’ एवढाच अहवाल आला तर तो अर्धवट आहे. शेजारच्या घरात माणूस राहतो, एवढे सांगून तो चोर आहे की शिक्षक ते न सांगण्यासारखे.

म्हणून ओळख. ती कशी करायची, हे शिवऱ्याचीच माती डोळ्यांपुढे ठेवून पाहू.

पहिला प्रश्न: शोधायचे कुठे? भातखाचरात फारसा अर्थ नाही. चिखलणी झाली, पाणी साचले, माती ढवळली गेली की खंजीर सूत्रकृमीचे हाल होतात. तो मोठा, नाजूक, संथ आणि हळू वाढणारा प्राणी आहे. गाठीच्या सूत्रकृमीसारखा महिन्याभरात पिढी उरकून अंड्यांचे पुंजके टाकत नाही. एकेक अंडे मातीत घालतो, काही जातींची पिढी पूर्ण व्हायला वर्षाच्या जवळपास लागते. अशाला नांगरट मानवत नाही. दलदलही नको, पार कोरडेपणाही नको. त्याला हवे असते वर्षानुवर्षे एका जागी उभे राहिलेले झाड. म्हणून खाचराऐवजी बांधावर जावे. बांधावरचा जुना आंबा, परसातले अंजीर, पेरूची ओळ, उताराच्या कडेचे करवंदी-जांभळीचे रान. जमीनही पाहावी. चिकट काळ्या मातीच्या बारीक छिद्रांतून एवढ्या लांब प्राण्याला वळता येत नाही. मुरमाड, वाळूमिश्रित, मोकळी जमीन त्याला बरी वाटते. आपल्याकडे बेसॉल्टच्या उतारावरची तांबूस हलकी माती आणि खोऱ्यातली भारी काळी माती हातभर अंतरावर असतात. एकाच शेतातल्या दोन टोकांचे निकाल वेगळे आले तर आश्चर्य नाही.

दुसरा प्रश्न: खोदायचे किती? वरची चार बोटे माती भरून दिलेल्या नमुन्यांचा ढीग प्रयोगशाळांत पडतो आणि त्यात खंजीर सूत्रकृमी सापडत नाही. वरचा थर उन्हात तापतो, सुकतो. वरची माती खरवडून बाजूला करावी आणि जिथे बारीक मुळे आहेत तिथून, साधारण एक फूट ते दोन फूट खोलीवरून, झाडाच्या घेराच्या कडेने चार-सहा ठिकाणची माती घ्यावी. द्राक्षात तो याहूनही कितीतरी खोल सापडतो. वेळ वाफशाची. खडखडीत ढेकळे नकोत आणि चिखलही नको. माती बारीक मुळांसकट प्लॅस्टिकच्या पिशवीत घालावी, तोंड बांधावे, सावलीत ठेवावी. इथे एक सूचना आवर्जून: पिशवी आपटायची नाही आणि गाडीच्या डिकीत दुपारभर ठेवायची नाही. गाठीच्या सूत्रकृमीचे पिल्लू हे हाल सोसते. खंजीर सूत्रकृमी धक्क्याने आणि उष्णतेने मरतो, आणि मेलेला सूत्रकृमी चाळणीत काही वेळात ओळखू न येण्यासारखा होतो. महामार्गावरून पुण्यापर्यंतचा तासाभराचा प्रवास एरवी काहीच नाही. एप्रिलच्या बंद गाडीत तो नमुन्याचा मृत्यू असू शकतो.

प्रयोगशाळेत मातीतून सूत्रकृमी बाहेर काढण्याच्या दोन मुख्य वाटा आहेत. एक गुस्ताव्ह बेअरमान यांची. हे गृहस्थ डच ईस्ट इंडीजमध्ये, आजच्या जाकार्तात, माणसाच्या अंकुशकृमीच्या अळ्या मातीतून शोधत होते आणि 1917 साली त्यांनी एक साधी युक्ती सांगितली: पाण्याने भरलेल्या नरसाळ्यात कापडावर माती ठेवा, अळ्या स्वतः हालचाल करत खाली उतरतात, नळी उघडा आणि गोळा करा. चपळ सूत्रकृमींसाठी ही पद्धत सुरेख आहे. खंजीर सूत्रकृमीसाठी नाही. तो सुस्त आणि लांब, कापडातून बाहेर यायचा कंटाळाच करतो. ज्या अहवालाच्या खाली फक्त नरसाळ्याची पद्धत लिहिली असेल आणि ‘खंजीर आढळला नाही’ असे असेल, त्या अहवालावर मी विश्वास ठेवणार नाही. त्याच्यासाठी कॉब यांची वाट बरी: माती बादलीत पाण्यात कालवायची, जड वाळू तळाशी बसू द्यायची, वरचे गढूळ पाणी एकाखाली एक ठेवलेल्या चाळण्यांतून ओतायचे. मोठा असल्याने हा प्राणी तुलनेने मोठ्या छिद्रांच्या चाळणीवरच अडतो.

चाळणीवरचे पाणी काचेच्या बशीत घेऊन खालून उजेड दिला की दृश्य विलक्षण असते. चमचाभर मातीत शेकडो सूत्रकृमी, आणि त्यातले बहुतेक निरुपद्रवी. कुणी जिवाणू खातो, कुणी बुरशी, कुणी दुसऱ्या सूत्रकृमींना गिळतो. जमीन जिवंत असल्याचीच ही खूण. शेतकऱ्याला ‘तुमच्या मातीत एवढे सूत्रकृमी’ असा एकच आकडा सांगून घाबरवणारा सल्लागार भेटला तर त्याला विचारावे: त्यातले मुळे खाणारे किती?

गर्दीत खंजीर सूत्रकृमी उठून दिसतो तो लांबीने. केसाहून बारीक, पण दीड ते तीन-चार मिलिमीटर लांब, हालचाल सावकाश. मात्र इथेच नवखा फसतो. डोरिलायमिडा या मोठ्या गणातले अनेक सूत्रकृमी असेच लांब असतात आणि त्यांच्याही तोंडात टोचायचा काटा असतो. त्यातले पुष्कळसे मुळांच्या वाटेलाही जात नाहीत. फरक काट्याच्या लांबीत. साध्या डोरिलायमचा काटा आखूड आणि जाडसर, खंजिराचे पाते बारीक आणि लांबलचक, अन्ननलिकेच्या पुढच्या भागात सरळ रेघ ओढल्यासारखे.

मग दुसरा जवळचा नातेवाईक येतो, लाँगिडोरस, ज्याला सुई सूत्रकृमी म्हणतात. तोही विषाणू वाहतो, तोही लांब, त्याचेही शस्त्र लांब. दोघांना वेगळे करायला तीन जागा पाहायच्या. कडे कुठे आहे? सुईत ते तोंडाजवळ असते, खंजिरात बरेच मागे, पाते आणि मूठ जिथे मिळतात त्याच्या जवळ. पात्याची मागची कड कशी? खंजिरात ती काटेरी चमच्यासारखी दुभंगलेली, सुईत साधी. मुठीला मागे फुगीर कडा आहेत का? खंजिरात ठळक, सुईत नाहीत. या तीन खुणा चांगल्या सूक्ष्मदर्शकात एकाच नजरेत दिसतात आणि झिफिनेमा हे नाव पक्के होते.

जातीपर्यंत जाणे अवघड, आणि तिथे संयमाची परीक्षा आहे. आधी सूत्रकृमीला गरम पाण्याने, साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या आसपास, हळूच मारायचे. मेल्यावर शरीर कोणत्या आकारात वळते तीसुद्धा एक खूण: अमेरिकॅनम गटातले सूत्रकृमी बहुधा उघड्या वळशात स्थिरावतात. मग मापे. लांबी, जाडी, अन्ननलिकेची लांबी, शेपटीची लांबी, पाते, मूठ, कडे तोंडापासून किती दूर. ही मापे एकमेकांच्या प्रमाणात मांडायची पद्धत डच अभ्यासक योहानेस दे मान यांनी एकोणिसाव्या शतकात रूढ केली आणि ती आजही चालते. या सगळ्यात सर्वांत बोलका आकडा म्हणजे मादीचे जननछिद्र शरीराच्या लांबीच्या किती टक्क्यांवर आहे. इंडेक्समध्ये ते पुढे, सुमारे 40 टक्क्यांवर. अमेरिकॅनममध्ये मध्याच्या आसपास, आणि तो प्राणीच लहान, दोन मिलिमीटरच्या जवळपास.

शेपटीही पाहायची. इंडेक्सची शेपटी गोलसर आणि तिच्या पोटाकडच्या बाजूला बोटाच्या टोकासारखा छोटा उंचवटा. ही खूण इतकी ठळक की अनेकजण तेवढ्यावर ‘इंडेक्स’ लिहून मोकळे होतात. भारतात ही घाई महागात पडते. 1959 साली अलीगढ मुस्लिम विद्यापीठातले एम. आर. सिद्दिकी यांनी झिफिनेमा बसिरी या जातीचे वर्णन केले. अलीगढचेच प्राध्यापक एम. ए. बसीर यांचे नाव तिला दिले. तिचीही शेपटी बऱ्याच अंशी तशीच दिसते. पण तिचे जननछिद्र शरीराच्या मध्याजवळ असते. चाळीस टक्के की पन्नास टक्के, एवढ्या एका आकड्यावर द्राक्षबागेतल्या पंखापानाच्या विषाणूचा वाहक समोर आहे की नाही, हे ठरू शकते.

नर शोधत बसू नये. इंडेक्स आणि अमेरिकॅनम गटातल्या जाती मुख्यतः नराविनाच वाढतात. मादी बीजांडातूनच मादीला जन्म देते आणि नर क्वचित दिसतो. अमेरिकॅनम गटातल्या सूत्रकृमींच्या शरीरात एक सहजीवी जिवाणूही वस्ती करून असतो, झिफिनेमॅटोबॅक्टर नावाचा, आणि तो आईकडून पिल्लांना मिळतो. नराविना चालणाऱ्या पुनरुत्पादनाशी त्याचा संबंध असावा असे अभ्यासकांना वाटते. शेतकऱ्याच्या दृष्टीने यातला अर्थ सरळ आहे: एक मादी नव्या शेतात पोहोचली तरी वस्ती सुरू व्हायला तेवढी पुरे.

पिल्लांची ओळख मला वैयक्तिकरीत्या या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कात टाकताना जुने पाते टाकून द्यावे लागते, म्हणून पुढचे पाते आधीच तयार ठेवलेले असते. पिल्लाच्या शरीरात, मुठीच्या आत किंवा तिच्या मागे, दुसरे पाते आडवे-उभे पडून असते. आणि त्याची लांबी पुढच्या अवस्थेतल्या वापरातल्या पात्याइतकीच असते. म्हणून एकाच नमुन्यातली लहान-मोठी पिल्ले घेऊन दोन्ही पाती मोजली की साखळी जुळते: याचे राखीव पाते म्हणजे त्याचे चालू पाते. त्यावरून किती अवस्था आहेत, एकच जाती आहे की दोन मिसळल्या आहेत, हे कळते. बऱ्याच जातींत पिल्लांच्या चार अवस्था असतात, अमेरिकॅनम गटातल्या कित्येकांत तीनच.

आता जनुकीय चाचणी हाताशी आहे, आणि अमेरिकॅनम गटासारख्या ठिकाणी तिच्याशिवाय गत्यंतर नाही. 1979 साली इटलीतल्या लाम्बर्ती आणि ब्लेव्ह-झाकेओ यांनी हा गट तपासून एका नावाखाली पंचवीस जाती असल्याचे दाखवले, त्यांतल्या पंधरा नव्या. काही जातींतला फरक मापाच्या सूक्ष्म चढ-उतारात आहे. तरी मापे सोडून फक्त जनुकीय अनुक्रमावर विसंबणे मला पटत नाही. जगाच्या जनुकपेढ्यांत चुकीच्या नावाने ठेवलेले अनुक्रमही आहेत. चुकीच्या नावाशी तंतोतंत जुळणारा निकाल हा चुकीचाच निकाल. पाते मोजलेला माणूस आणि अनुक्रम वाचलेले यंत्र यांचे एकमत झाले तर नाव खरे. महाराष्ट्रात हे काम करू शकणाऱ्या संस्था आहेत: आकुर्डीतले भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र, मांजरीचे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र, आणि राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ, जिथे सूत्रकृमींवरचा अखिल भारतीय समन्वित प्रकल्प चालतो.

उपाय? यावर फार लिहिण्यासारखे नाही, कारण एकदा वस्ती झाली की खात्रीचा उपाय नाही. एके काळी डीबीसीपी हे धुरीचे औषध जगभर जमिनीत सोडले जाई आणि सूत्रकृमी मरतही. 1977 साली कॅलिफोर्नियातल्या कारखान्यातले कामगार त्याने वंध्य झाल्याचे उघड झाले आणि ते मागे घ्यावे लागले. झेंडू आणि निंबोळी पेंड गाठीच्या सूत्रकृमीवर बरी चालतात. खंजिरावरही तशीच चालतील हे गृहीत धरू नये. महाराष्ट्रात द्राक्ष ज्या डॉगरीज खुंटावर बांधतात तो गाठीच्या सूत्रकृमीला दाद देत नाही, म्हणून तो खंजिरालाही दाद देणार नाही, हेही गृहीत धरू नये. इंडेक्सविरुद्ध मुद्दाम घडवलेले खुंट वेगळे आहेत. कॅलिफोर्नियात हॅरोल्ड ओल्मो यांनी द्राक्ष आणि मस्कडाइन यांच्या संकरातून असा एक खुंट काढला. आणि अंजिराच्या पानावर पिवळे चट्टे, गोंधळलेली नक्षी दिसली तर सूत्रकृमीला दोष देण्याआधी कोळी पाहावेत. अंजिराचा मोझॅक विषाणू एक सूक्ष्म कोळी पसरवतो, मातीतला खंजीर नव्हे.

खरी गोष्ट अशी की हा प्राणी स्वतः फार चालत नाही. द्राक्षबागेत पंखापान पसरण्याचा वेग वर्षाला एक-दीड मीटरच्या आसपास मोजला गेला आहे. गावाहून गावी, तालुक्याहून तालुक्याला त्याला आपणच नेतो: कुदळीला, ट्रॅक्टरच्या नांगराला चिकटलेल्या मातीतून आणि सर्वांत जास्त रोपांच्या पिशव्यांतून. महामार्गालगत गेल्या काही वर्षांत फार्महाऊसे उभी राहिली. त्यांच्यासाठी मुळाला मातीचा मोठा गोळा बांधलेली तयार झाडे ट्रकने येतात. अंजिराची कलमे काळ्या पिशवीत माती-शेणखतासकट विकली जातात. ती माती कुठली, हे ना विकणारा सांगतो ना घेणारा विचारतो.

तेव्हा पुढच्या पावसाळ्याआधी कलमे घ्यायला जाल तेव्हा दोन कामे करा. रोपवाटिकेत पिशवीतल्या मातीबद्दल विचारा: जमिनीतून उचललेली माती आहे की निर्जंतुक केलेले माध्यम? आणि लागवडीच्या जागी पूर्वी द्राक्ष, अंजीर, पीच, कोणतेही बहुवर्षायू फळझाड उभे असेल तर आधी फूट-दोन फूट खोलीची माती तपासायला पाठवा. पिशवीवरच्या चिठ्ठीत गाव, पीक, खोली, तारीख, झाडाचे वय लिहा. अहवाल आला की आकडा पाहून थांबू नका. नमुना चाळणीने काढला की नरसाळ्याने ते विचारा, आणि झिफिनेमा लिहिले असेल तर विचारा, जाती कोणती.